गाभडलेल्या गायीची वार कुठे जाते? दूध संघांना आणि पशुसंवर्धन खात्याला खुले पत्र

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील दूध संघांचे संचालक,
आणि पशुसंवर्धन खात्याचे जिल्हा व तालुका पातळीवरील अधिकारी

सप्रेम नमस्कार.

पहाटे संकलन केंद्रावर येणाऱ्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) आपण पॉइंटात मोजता. पाणी मिसळलंय का, युरिया आहे का, तेही बघता. ते व्हायलाच हवं. पण दूध घालणाऱ्या त्याच गोठ्यात सातव्या महिन्यात गाय गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, तर तिची वार, म्हणजे वासरामागून पडणारा पडदा, बघायला कुणी येत नाही. गाय गाभडल्याची नोंद संस्थेच्या वहीत होत नाही, दवाखान्याच्या रजिस्टरातही क्वचितच होते. ती वार ओढ्यात जाते, उकिरड्यावर जाते, कुत्र्याच्या तोंडी जाते. वर्षभरात त्याच आळीतल्या आणखी दोन-चार गायी गाभडतात आणि लोक म्हणतात, उष्णता झाली, नजर लागली. आमचा पहिला संशय मात्र ब्रुसेल्ला या जंतूच्या सांसर्गिक रोगावर आहे.

आम्ही मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी, माण आणि खटाव तालुक्यांत जनावरांमध्ये काम करणारी माणसं आहोत. दूध उत्पादक आहोत, कृत्रिम रेतन करणारे आहोत, खासगी पशुवैद्यक आहोत. अडलेल्या गायीच्या पोटात जातात ते हात आमचे, आणि गोठा झाडणाऱ्या बायका आमच्या घरातल्या. हे पत्र आपल्याला लिहिलं असलं तरी गावोगावच्या गोठ्यांत वाचलं जावं, अशी आमची इच्छा आहे.

आधी वारेबद्दलच बोलू, कारण सगळा प्रश्न तिच्यात आहे. गायीच्या गर्भाशयाला आतून ७० ते १२० ठिकाणी वार घट्ट बसलेली असते, बटण काजात बसावं तशी. वासराचं अन्न आणि प्राणवायू या जोडांच्या गाठींमधून जातो. नीट व्यालेल्या गायीची वार बहुधा ८ ते १२ तासांत आपोआप पडते. ती पातळ, ओलसर, चकाकणारी असते. गाठी गडद लाल आणि मऊ असतात. वारेला सूज येऊन संसर्ग झाला असेल, तर वेगळेपणा नुसत्या डोळ्यांना दिसतो. दोन गाठींमधला पडदा चामड्यासारखा जाड आणि सुरकुतलेला होतो. त्यावर पिवळट-करडा चिकट थर बसतो. गाठींचा लाल रंग जाऊन त्या मळकट पिवळ्या पडतात, कडेने कुजलेल्या दिसतात. पाच मिनिटं उजेडात पाहिलं तर शिकलेल्या नजरेला शंका येतेच. हे बघायची सवय आपल्या यंत्रणेने कुणाला लावली नाही.

गाय पाचव्या महिन्यानंतर गाभडली आणि वार अशी दिसली, तर पहिला संशय ब्रुसेल्ला या जंतूवर घ्यावा लागतो. सांसर्गिक गर्भपात म्हणतात तो हाच. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये गाभडलेल्या गायींमध्ये हा जंतू शोधला. आता सव्वाशे वर्षं उलटली, म्हणजे या रोगात नवीन असं काही नाही. जंतू बहुतेक वेळा तोंडावाटे शिरतो. गाभडलेल्या गायीचा स्राव लागलेला चारा दुसरी गाय खाते, तिचं अंग चाटते, त्याच हौदाला तोंड लावते. मग तो शरीरातल्या लसिका गाठींत (वारेच्या गाठी वेगळ्या) दबा धरून बसतो. गाय गाभण राहून दिवस भरत आले की वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर वाढते. ती या जंतूला मानवते. तिथे तो बेसुमार वाढतो, वारेच्या गाठी कुजवतो आणि वासराचं पोषण तुटतं. गाभडलेल्या वारेच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जंतू असू शकतात. कडक उन्हात ते काही तासांत मरतात, पण सावलीत, ओल्या मातीत आठवडे-महिने टिकतात.

आपल्याकडे वार पोत्यात बांधून वडाला टांगण्याची रीत आहे. वडाला चीक असतो, म्हणून गायीला दूध वाढतं, अशी त्यामागची समजूत. श्रद्धेने केलेली गोष्ट आहे, तिला हसण्याचं कारण नाही. पण टांगलेल्या पोत्यातून जे टपकतं ते सावलीतल्या ओलसर मातीत पडतं, आणि दुपारी गावची जनावरं त्याच वडाखाली बसतात. कावळे आणि कुत्री उरलेलं काम करतात. हे गावकऱ्यांना समजावून सांगणारं एक पत्रकसुद्धा आमच्या पाहण्यात नाही.

या रोगात सगळ्यात फसवी गोष्ट पुढे येते. बहुतेक गायी एकदाच गाभडतात. पुढच्या वेताला गाय पूर्ण दिवस भरून वासरू देते आणि मालकाला वाटतं, दोष गेला. तो गेलेला नसतो. ती गाय दर वेताला वारेतून आणि स्रावातून जंतू टाकत राहते, दुधातून तर कित्येक वर्षं. गायीतला हा रोग कुठल्याही इंजेक्शनने मुळापासून जात नाही. औषधावर पैसे घालवू नका, हे मालकाला स्पष्ट सांगणं हेही आपलंच काम आहे.

गाभडणारी प्रत्येक गाय ब्रुसेल्लाची असते, असं मात्र नाही. लेप्टोस्पायरा व ट्रायकोमोनास हे जंतू, आयबीआर हा विषाणूचा रोग, अशी इतर कारणं आहेत. उसाच्या पट्ट्यात आणखी एक कारण डोळ्याआड होतं, ते म्हणजे बुरशी लागलेला चारा. ओलं वाडं ढिगात तापलं किंवा मुरघासाच्या खड्ड्यात हवा शिरली की बुरशी वाढते. ती वारेपर्यंत पोचली तर वार जाड होते, गाठी फुगतात आणि गाय गाभडते. वरून बघून दोन्हींत गल्लत होते. ब्रुसेल्ला असेल तर गाय वेगळी काढायची, बुरशी असेल तर चारा बदलायचा. उपाय इतके वेगळे असताना तपासणीशिवाय नुसत्या अंदाजावर काम चालतं, हे आम्हाला मान्य नाही.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार नमुन्यांची आहे. वार पडल्यावर दोन-तीन गाठी त्यांच्या कडेच्या पडद्यासह कापून घ्याव्यात. मेलेल्या वासराच्या चौथ्या पोटातलं पाणी, फुफ्फुसाचा आणि प्लीहेचा तुकडा घ्यावा. रुंद तोंडाच्या, न गळणाऱ्या, निर्जंतुक डब्यांत वेगवेगळं भरून, तीन पदरी बांधून, बर्फावर २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावं. एक तुकडा दहापट फॉर्मलिनमध्ये ठेवावा. याबरोबर गायीचं रक्त घ्यावं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यावं, कारण गाभडल्या दिवशी रक्ताची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. एकदाच रक्त घेऊन 'काही नाही' म्हणून मोकळं होणं, ही नेहमीची चूक आहे. पश्चिम महाराष्ट्रासाठी रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण जतच्या गोठ्यातून शिरवळ दोनशे किलोमीटरच्या वर आहे. नमुना नेण्याचा खर्च आणि जोखीम शेतकऱ्याने का उचलावी?

पहिल्या संशयाचं उत्तर तर तालुक्यातच मिळू शकतं. वारेच्या गाठीचा ठसा काचपट्टीवर घ्यायचा, आचेवर धरून पक्का करायचा. एकास दहा पातळ केलेलं कार्बोल फुक्सिन (लाल रंग) १० मिनिटं, ०.५ टक्के ॲसेटिक ॲसिड अर्धा मिनिट, नंतर मिथिलिन ब्लू २० सेकंद. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पेशींमध्ये लाल बारीक जंतूंचे पुंजके दिसले की संशय बळावतो. क्यू फिव्हर या दुसऱ्या रोगाचा जंतूही याच रंगात दिसतो, म्हणून शेवटचा निकाल प्रयोगशाळेचाच. पण गाय आजच वेगळी बांधायची की नाही, हे ठरवायला एवढं पुरतं. सूक्ष्मदर्शक आणि तीन बाटल्या रंग, एवढंच साहित्य लागतं.

दुसरी तक्रार लसीकरणाच्या वेळापत्रकाची. केंद्राचा लाळ-खुरकूत आणि ब्रुसेल्ला नियंत्रण कार्यक्रम ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत सुरू झाला. त्यानुसार ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि रेड्यांना, म्हणजे फक्त मादी वासरांना, ब्रुसेल्लाची एस-१९ ही लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. लस चांगली आहे. तिने गाभडणं बरंच कमी होतं. पण वयाची खिडकी फक्त चार महिन्यांची आहे, आणि गावात शिबिर सहा महिन्यांनी आलं तर काय होतं ते बघा. १ जानेवारीला तीन महिन्यांची कालवड लशीला लहान पडते. १ जुलैला ती नऊ महिन्यांची, म्हणजे मोठी झालेली असते. शिबिराच्या दिवशी दोन ते चार महिन्यांची असलेली प्रत्येक कालवड अशीच निसटते. वर्षभर सारख्या प्रमाणात कालवडी जन्मतात असं धरलं, तर हा तिसरा हिस्सा झाला. म्हणजे सगळी शिबिरं ठरल्याप्रमाणे, शंभर टक्के हजेरीने पार पडली, तरी तीनातली एक कालवड लशीविना मोठी होते. हा दोष कागदावरच्या गणिताचा आहे, गावातल्या माणसाचा नाही.

राहून गेलेल्या कालवडीला नंतर घाईने लस टोचणंही बरोबर नाही. मोठ्या वयात लस दिली तर रक्ताची चाचणी पुढे बराच काळ पॉझिटिव्ह दाखवत राहू शकते, मग रोग कुठला आणि लस कुठली हे कळत नाही. गाभण गायीला दिली तर ती गाभडू शकते. गोऱ्ह्याला दिली तर अंड सुजतं. लस जिवंत जंतूंची आहे, म्हणून २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर माणसाला रोग होऊ शकतो. लस टोचणाऱ्यांना हातमोजे आणि चष्मा मिळालाच पाहिजे.

तिसरी तक्रार दूध संघांकडे आहे. आपल्या बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीत, गावाचं सगळं गायीचं दूध रोज एकत्र येतं. त्यातलं एक मिली दूध नळीत घ्या, ०.०३ मिली रंगीत अँटिजेन (मेलेल्या ब्रुसेल्ला जंतूंचं रंगवलेलं द्रावण) टाका, ३७ अंशावर तासभर ठेवा. वर आलेल्या साईच्या थरात निळं कडं उमटलं, तर त्या गावात ब्रुसेल्लाची गाय असण्याचा संशय घ्यायचा. ही दूध-कडं चाचणी जुनी आणि स्वस्त आहे. तिला मर्यादाही आहेत. दगडी झालेल्या सडाचं दूध, चीक किंवा आटत आलेल्या गायीचं दूध असेल तर ती फसवते, आणि म्हशीच्या दुधावर तिचा भरवसा कमी. म्हणून कडं उमटलं की त्या गावातल्या गायींच्या रक्ताची 'रोझ बेंगाल' नावाची चाचणी करायची. त्यात ३० मायक्रोलिटर रक्तद्रव, तेवढंच अँटिजेन, चार मिनिटांत निकाल. पॉझिटिव्ह आलेलं एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीने पक्कं करायचं. दर तीन महिन्यांनी एकदा बल्क कूलरची ही चाचणी केली, तर रोग कुठल्या गावात आहे याचा नकाशा आपल्या हातात येईल. ग्राहकांनी यातून पिशवीतल्या दुधाची धास्ती घेऊ नये. ७२ अंशाला १५ सेकंद किंवा ६३ अंशाला ३० मिनिटं तापवलं की हा जंतू मरतो, आणि घरी उकळून घेतलेल्या दुधातही राहत नाही. धोका आहे तो धार काढणाऱ्याला, वार ओढणाऱ्याला, आणि ताकदीसाठी धारोष्ण दूध पिणाऱ्या तालमीतल्या पोरांना.

चौथी तक्रार सगळ्यात अवघड आहे. तपासणीत गाय पॉझिटिव्ह निघाली, तर मालकाने तिचं करायचं काय? राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे 'तपासा आणि कापा' हा परदेशातला मार्ग इथे नाही, आणि आम्ही तो मागतही नाही. पशुधन विमा प्रामुख्याने जनावर मेलं तर पैसे देतो, गाभडलं तर नाही. मग मालक गप्प राहतो आणि गाय बाजारात नेतो. दुसऱ्या गावातला गरीब माणूस कर्ज काढून ती घेतो आणि त्याच्या गोठ्यात रोग पोचतो. मालकाला दोष देऊन उपयोग नाही, खरं सांगितल्यावर त्याला तोटा होऊ नये अशी सोय करावी लागेल. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्यात ब्रुसेल्लाचा समावेश आहे आणि कलम ४ प्रमाणे मालकाने कळवणं बंधनकारक आहे. पण कळवल्यावर मदत मिळत नसेल, तर कळवणार कोण?

पाचवी तक्रार माणसांच्या तब्येतीची. वारेला हात लावल्यापासून दोन-चार आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, चढउताराचा ताप येतो. रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे दुखतात, पुरुषांचं अंड सुजतं. टायफॉइडची विडाल चाचणी करून त्याचंच औषध दिलं जातं, ताप उतरतो आणि पुन्हा येतो. या तापाला दोन औषधं एकत्र, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, सहा आठवडे घ्यावी लागतात. अर्धवट सोडलं की रोग उलटतो. गरोदर बाईला गर्भपाताचा धोका असतो, आणि गाभडलेल्या गायीखालची घाण बहुतेक घरांत बाईच काढते. लांबलेल्या तापाच्या रुग्णाला 'घरी गाय-म्हैस गाभडली होती का?' एवढा एक प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारला जावा. पशुसंवर्धन खात्याने गाभडलेल्या गोठ्यांची यादी आरोग्य खात्याला दर आठवड्याला दिली, तर तो प्रश्न विचारणं सोपं होईल. रक्ताचं कल्चर पाठवताना प्रयोगशाळेला संशय आधी सांगायला हवा. हा जंतू सावकाश वाढतो आणि प्रयोगशाळेतल्या माणसालाही लागतो.

चारा छावण्यांचं थोडक्यात सांगतो. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माण, आटपाडी, जत भागात हजारो जनावरं छावण्यांत एकत्र होती, एकाच हौदावर पाणी पीत होती. पुढच्या छावणीत तरी गाभडलेल्या जनावराचा वेगळा कोपरा आणि वेगळा हौद पहिल्या दिवसापासून असावा.

आमच्या मागण्या अशा.

पाचव्या महिन्यानंतर गाभडलेल्या प्रत्येक गायी-म्हशीची नोंद तिच्या बारा आकडी बिल्ल्यावर व्हावी. कळवल्यापासून २४ तासांत खात्याच्या माणसाने येऊन नमुने घ्यावेत, ते खात्याच्या वाहनाने प्रयोगशाळेत जावेत आणि निकाल लेखी मालकाच्या हातात मिळावा. प्रत्येक तालुका चिकित्सालयात वारेच्या ठशाची तपासणी सुरू व्हावी.

एस-१९ ची फेरी दर तीन महिन्यांनी व्हावी. जन्मलेल्या कालवडीची तारीख दूध संस्थेच्या सचिवाने लिहून ठेवावी आणि ती यादी पशुवैद्यकीय दवाखान्याला द्यावी. सचिवाला दूध घालणारं प्रत्येक घर माहीत असतं, त्याच्याइतकी खरी यादी दुसरीकडे मिळणार नाही.

बल्क कूलरची दूध-कडं चाचणी दर तीन महिन्यांनी व्हावी. निकाल गावाच्या नावाने चव्हाट्यावर न मांडता आधी संस्थेला आणि दवाखान्याला द्यावा, नाहीतर भीतीपोटी लोक चाचणीलाच विरोध करतील.

पॉझिटिव्ह गायींसाठी संघांनी निधी उभा करावा. लिटरमागे पाच पैसे बाजूला काढले, तर रोज एक लाख लिटर गोळा करणाऱ्या संघाकडे दिवसाला ५,००० रुपये आणि वर्षाला सव्वाअठरा लाख रुपये जमतात. त्यातून पॉझिटिव्ह गाय न विकण्याची लेखी हमी देणाऱ्या मालकाला दरमहा चाऱ्याची मदत द्यावी. अशी गाय गोठ्याच्या उताराच्या शेवटी बांधायची, तिची धार सगळ्यात शेवटी काढायची आणि ती वेगळ्या जागी विऊ द्यायची, एवढं पथ्य पाळलं तर तिच्यापासूनचा धोका पुष्कळ कमी होतो.

आणि प्रत्येक दूध संस्थेत एक पेटी ठेवावी. खांद्यापर्यंतचे प्लास्टिक हातमोजे, मास्क, चष्मा, दोन नमुन्यांचे डबे, कळीचा चुना आणि ब्लीचिंग पावडर. पेटीच्या झाकणावर आतून हे चिकटवावं: लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधू नका, ओढू नका, ती तुटून आत राहते आणि कुजते. उघड्या हाताने वार काढू नका. गरोदर बाई आणि लहान मुलं लांब. नमुना घेतल्यावर उरलेली वार आणि वासरू विहिरीपासून किमान शंभर फूट दूर, चार फूट खोल खड्ड्यात पुरा. तळाला दोन बोटं चुना, वर दोन बोटं चुना, मग माती, मातीवर काटे आणि दगड, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. खालचा पाचोळा जाळा. जागा आधी खरडून धुऊन मग दहा लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ओता, कारण शेणावर ओतलेली पावडर वाया जाते. गाय स्राव थांबेपर्यंत, किमान चार आठवडे, वेगळी ठेवा. तिला ताप आला तर डॉक्टरांना बोलवा.

पेटीवरचा मजकूर तयार करायला, सचिवांना शिकवायला, गावोगाव दाखवायला आम्ही मोबदल्याशिवाय येऊ. पहिली दूध-कडं चाचणी कोणत्या महिन्यात, कोणत्या तालुक्यात घेणार, एवढी तारीख आपण पावसाळ्याआधी जाहीर करावी, ही विनंती.

आपले,
मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी, माण व खटाव तालुक्यांतील
दूध उत्पादक, कृत्रिम रेतन करणारे व खासगी पशुवैद्यक